नाव घ्यायचं राहून गेलं म्हणून?

पत्र

‘ताई, सलाम. मी ऐरोलीला राहते, माहेर ठाण्याचं. माझे बाबा ठाण्यातल्या एका रुग्णालयात आयसीयूत होते. एका सकाळी भावाचा फोन आला, "लवकर ये." मी होते तशी निघाले. लोकलच्या दारात गर्दीत उभी राहून मनातल्या मनात एवढंच म्हटलं, "देवा, माझ्या बाबांना सांभाळ. त्यांना त्रास होऊ देऊ नकोस." ठाण्याला उतरून रिक्षाच्या रांगेत लागते तोवर भावाचा दुसरा फोन आला. बाबा गेले होते.

मातीनंतर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायका घरी प्रार्थनेला आल्या. त्यांतल्या एका काकूंनी विचारलं, शेवटची प्रार्थना काय केलीस? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, येशूच्या नावाने मागितलंच नाहीस, मग ती पोचणार कशी?" तेव्हापासून मला धड झोप नाही. लहानपणापासून प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी "येशूच्या नावाने मागते, आमेन" म्हणत आले, आणि नेमकं त्याच दिवशी राहिलं. माझा अकरावीतला मुलगा म्हणतो, "मम्मी, ते काय ओटीपी आहे का, टाकला नाही तर पुढे जात नाही?" मला उत्तर देता आलं नाही. आमच्या समोरच्या वहिनी हिंदू आहेत. त्या बाबांसाठी रोज देवापुढे दिवा लावून मागत होत्या. काकूंच्या हिशेबाने त्यांचंही वायाच गेलं. पुढच्या महिन्यात बाबांच्या स्मरणार्थ घरी प्रार्थना ठेवली आहे. काकूही येतील. मला चारचौघांत प्रार्थनेला तोंड उघडायचीच भीती बसली आहे. येशूच्या नावाने मागायचं म्हणजे नक्की काय?’

एक भगिनी, ऐरोली

उत्तर

प्रिय भगिनी,

सलाम. आधी उत्तर देते, मग कारणं सांगते, कारण झोप उडालेल्या माणसाला शेवटापर्यंत ताटकळत ठेवू नये. लोकलच्या दारात तुम्ही केलेली प्रार्थना देवाने ऐकली. तुमच्या तोंडून दोन शब्द राहिले म्हणून बाबा गेले, असं पवित्र शास्त्रात कुठेही शिकवलेलं नाही. काकूंनी तुम्हाला जे सांगितलं ते चूक आहे, आणि ते चूक आहे हे मी पूर्ण विश्वासाने लिहिते आहे.

आता ते शब्द आले कुठून ते पाहू. योहानाच्या शुभवर्तमानात 13 ते 16 हे अध्याय एका रात्रीचे आहेत. येशू शिष्यांसोबत शेवटचं जेवण जेवतो, त्यांचे पाय धुतो, यहूदा उठून अंधारात निघून जातो आणि मग येशू उरलेल्यांशी बराच वेळ बोलत राहतो. त्याला दुसऱ्या दिवशीचा वधस्तंभ दिसतो आहे. शिष्य घाबरले आहेत, कारण ज्याला प्रत्यक्ष हाक मारायची सवय झाली तोच निघाला म्हणतो. त्या बोलण्यात तो पुन्हा पुन्हा सांगतो, माझ्या नावाने मागा: 14:13 मध्ये, 14:14 मध्ये, 15:16 मध्ये आणि 16:23 पासून पुढे. म्हणजे हे वचन आलं ते निरोपाच्या रात्री, घाबरलेल्या माणसांना धीर द्यायला. त्याच वचनाने आज कोणी एका शोकात असलेल्या मुलीला घाबरवत असेल, तर वचन उलटं धरलं गेलं आहे.

16:24 मध्ये येशू शिष्यांना सांगतो की आजवर तुम्ही माझ्या नावाने काहीच मागितलेलं नाही. हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. तीनेक वर्षं ही माणसं त्याच्याबरोबर हिंडली, प्रार्थना करायला त्याच्याकडूनच शिकली, आणि तरी त्या नावाने मागितलेलं नव्हतं. मग त्यांच्या तोवरच्या प्रार्थना गेल्या कुठे? त्यांच्याही आधी हन्नाने मंदिरात ओठ हलवत, आवाज न काढता मुलगा मागितला, आणि याजक एलीला वाटलं की ती प्यायली आहे. तिची प्रार्थना ऐकली गेली आणि शमुवेल जन्माला आला. पेत्र पाण्यात बुडताना ‘प्रभुजी, मला वाचवा’ एवढंच ओरडला, आणि येशूने लगेच हात पुढे केला. मंदिरात मागे उभ्या राहिलेल्या जकातदाराने छाती बडवत देवाकडे फक्त दया मागितली. येशू सांगतो की तोच नीतिमान ठरून घरी गेला.

आणखी एक गोष्ट काकूंच्या लक्षात कशी आली नाही कोण जाणे. आपण दर रविवारी उपासनेत प्रभूची प्रार्थना म्हणतो. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पासून शेवटपर्यंत मनात म्हणून पाहा. येशूने स्वतः शिकवलेल्या या प्रार्थनेत ‘येशूच्या नावाने’ हे शब्द नाहीत. मत्तयाच्या 6व्या अध्यायात नाहीत, लूकच्या 11व्या अध्यायातही नाहीत. ती पोचत नसेल तर मग कुठलीच पोचत नाही. पूर्ण नव्या करारात जेवढ्या प्रार्थना लिहून ठेवल्या आहेत, त्यांतली एकही आपण म्हणतो त्या ठरलेल्या वाक्याने, ‘येशूच्या नावाने मागतो, आमेन’ असं म्हणून, संपत नाही. येशूवरच्या विश्वासापायी स्तेफनावर दगड पडत होते तेव्हा तो सरळ येशूलाच म्हणाला, माझ्या आत्म्याचा स्वीकार कर.

म्हणून ते वाक्य म्हणणं सोडा, असं मी मुळीच म्हणत नाही. मीही रोज म्हणते आणि म्हणत राहीन. त्यामागे फार मोठा अर्थ आहे आणि तोच तुम्ही विचारला आहे.

1 शमुवेल 25 काढून वाचा. दावीद रानात आहे, बरोबर माणसं आहेत, अन्न नाही. जवळच नाबाल नावाच्या श्रीमंत माणसाकडे मेंढरांची कातरणी चालली आहे. दावीद दहा तरुणांना पाठवतो आणि सांगतो, माझ्या नावाने त्याला सलाम सांगा आणि हाताशी असेल ते मागा. ते जातात, दाविदाच्या नावाने बोलतात आणि थांबतात. या दहा जणांचं स्वतःचं वजन काय होतं? काहीच नाही. नाबालाने त्यांची नावंही विचारली नाहीत. त्याने विचारलं, कोण हा दावीद? म्हणजे मागणीचं काय होणार हे मागणाऱ्यांच्या शब्दरचनेवर नव्हतं, ज्याने पाठवलं त्याच्याविषयी देणाऱ्याच्या मनात काय आहे यावर होतं. नाबालाच्या मनात दाविदाविषयी तुच्छता होती, म्हणून मुलं रिकाम्या हाती परतली. आपण ज्याच्याकडे जातो तो येशूचा पिता आहे. ज्याला बाप्तिस्म्याच्या वेळी ‘हा माझा पुत्र, मला परमप्रिय’ म्हटलं, त्याच्या माणसांना तो ‘कोण येशू?’ असं विचारणार नाही.

त्या दहा तरुणांनी दुसरी एक गोष्ट पाळली. दाविदाने जे मागायला सांगितलं तेच मागितलं. त्याचं नाव सांगून स्वतःसाठी वेगळी दोन मेंढरं मागितली नाहीत. येशूच्या नावाने मागताना या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. माझ्या पुण्याईवर, उपासावर, मंडळीतल्या मानावर मी येत नाही, त्याच्या भरवशावर येते. आणि ज्यावर तो स्वतःचं नाव ठेवू शकेल असंच मागायचा प्रयत्न करते. 1 योहान 5:14 हेच सांगतं की त्याच्या इच्छेप्रमाणे काही मागितलं तर तो आपलं ऐकतो.

हा अर्थ मी आज नव्याने काढलेला नाही. आपल्याकडे 1823 पासून कोकणात स्कॉटिश मिशनरी आले, त्यांच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत वेस्टमिन्स्टरची मोठी प्रश्नोत्तरी शिकवत. ती 1647 ची. तिच्यातला 180वा प्रश्न तुमचाच आहे: ख्रिस्ताच्या नावाने प्रार्थना करणं म्हणजे काय? उत्तराचा आशय असा की नुसता नावाचा उच्चार करणं पुरेसं नाही. प्रार्थनेचं धाडस, बळ आणि आपलं ऐकलं जाईल ही आशा ख्रिस्तापासून व त्याच्या मध्यस्थीपासून घेणं, म्हणजे त्याच्या नावाने मागणं. ठाण्यात मासुंदा तलावाजवळ सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च आहे. तिथे किंवा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्साला बसलात तर याजकांच्या प्रार्थनांचा शेवट ‘ख्रिस्ताच्या द्वारे’ असा ऐकू येतो. शब्द थोडे वेगळे, वाट तीच: पित्याकडे, पुत्राच्या द्वारे.

आता जे मला तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते सांगते. निर्गम या पुस्तकाच्या 28व्या अध्यायात महायाजकाच्या वस्त्रांचं वर्णन आहे. आपण तो भाग भरभर वाचून पुढे जातो, कारण सोन्याच्या कड्या आणि निळ्या फितींनी कंटाळा येतो. थोडं थांबून वाचा. खांद्यांवर दोन गोमेद रत्नं, एकेकावर इस्राएलाच्या सहा वंशांची नावं कोरलेली. छातीवरच्या ऊरपटावर बारा रत्नं, प्रत्येकावर एका वंशाचं नाव. 29व्या वचनात सांगितलं आहे की महायाजक अहरोन पवित्रस्थानात जाईल तेव्हा ही नावं हृदयावर वागवत जाईल, परमेश्वरासमोर नित्य स्मरण राहावं म्हणून. रानातल्या तंबूत जी बाई भाकरी करत बसली होती, तिला त्या क्षणी महायाजक आत आहे की बाहेर हेही माहीत नसेल. तिच्या वंशाचं नाव मात्र आत पोचलेलं होतं.

इब्री लोकांस पत्र येशूला आपला महायाजक म्हणतं. 4थ्या अध्यायाच्या शेवटी लिहिलं आहे की आपल्या दुर्बलतेविषयी ज्याला सहानुभूती वाटू शकत नाही असा आपला महायाजक नाही, म्हणून कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने या. 7:25 म्हणतं, तो आपल्यासाठी मध्यस्थी करायला सदा जिवंत आहे. सदा. तुम्ही ‘आमेन’ म्हणाल्यावर चालू होते आणि विसरलात तर बंद पडते, अशी ही मध्यस्थी नाही. त्या सकाळी तुम्ही त्याचं नाव घ्यायला विसरलात. तो तुमचं आणि तुमच्या बाबांचं नाव घ्यायला विसरला, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

रोम 8:26 मध्ये प्रेषित पौल लिहितो की आपण योग्य प्रकारे कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. इथे शब्दच नाहीत, शेवटचं वाक्य तर सोडाच. आणि योहान 16:26-27 तर तुम्ही कागदावर उतरवून फ्रिजवर लावा. तिथे येशू म्हणतो, त्या दिवशी तुम्ही माझ्या नावाने मागाल. आणि मी तुमच्यासाठी पित्याला विनंती करीन असं मी म्हणत नाही, कारण पिता स्वतः तुमच्यावर प्रीती करतो. ज्याचं नाव घ्यायचं तोच सांगतो आहे की पित्याला राजी करायला त्या नावाची गरज नाही. पिता आधीच राजी आहे. आत जायला आपली हिंमत होत नाही, म्हणून ते नाव आपल्या हातात दिलं आहे.

तुमच्या मुलाला उत्तर द्या, आणि त्याचा प्रश्न चांगला आहे हेही सांगा. अकरावीतल्या पोराने इतका नेमका प्रश्न विचारला याचा मला आनंद झाला. ओटीपी कोणीही टाकला तरी चालतो. चोराच्या हाती लागला तरी पैसे जातात, कारण समोरचं यंत्र माणूस ओळखत नाही, आकडे ओळखतं. येशूचं नाव तसं चालत नाही, याचा पुरावा त्याला प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये दाखवा. इफिसात स्कवा नावाच्या यहूदी मुख्य याजकाचे सात मुलगे भुतं काढायचा उद्योग करत. पौलाच्या हातून काय काय घडतं ते पाहून त्यांनीही ‘पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूच्या नावाने’ असं म्हणायला सुरुवात केली. शब्द अगदी बरोबर होते. दुष्ट आत्मा त्यांना म्हणाला, येशूला मी ओळखतो, पौलही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण? आणि त्याने पछाडलेल्या माणसाने त्यांना असं बडवलं की ते उघडेनागडे, जखमी होऊन पळाले. तुमच्या मुलाला ही गोष्ट आवडेल. मत्तय 7 मध्येही असे लोक आहेत. ‘तुझ्या नावाने’ मोठमोठी कामं केल्याचं ते सांगतात आणि प्रभू म्हणतो, माझी तुमची कधी ओळखच नव्हती. ओळख नसताना घेतलेलं नाव काही उघडत नाही, आणि ओळख असलेल्या मुलीच्या तोंडून ते एखादे दिवशी राहिलं तरी दार लागत नाही.

आता तुमच्या पत्रात नसलेला, पण त्यामागे दडलेला प्रश्न घेते. येशूने तर म्हटलं आहे, जे काही माझ्या नावाने मागाल ते मी करीन. मग समजा, तुम्ही नाव घेऊन मागितलं असतं, तर? बाबा वाचले असते?

याचं उत्तर गेथशेमाने बागेत आहे. त्याच रात्री, ते वचन दिल्यानंतर काही वेळातच, येशूने स्वतः प्रार्थना केली. ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारून म्हणाला, तुला सर्व काही शक्य आहे, हा प्याला माझ्यापासून दूर कर. त्याच्याइतका त्या नावावर हक्क कोणाचा? तरी प्याला दूर झाला नाही. त्याने पुढे जोडलं, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. पौलाने देहातला काटा, म्हणजे त्याला सतत छळणारा एक त्रास, दूर व्हावा म्हणून तीनदा विनंती केली. पौल नाव घ्यायला चुकला असेल, असं काकूही म्हणणार नाहीत. काटा तसाच राहिला आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे. म्हणून नाव घेऊन मागितलेलं प्रत्येक वेळी आपल्याला हवं तसंच मिळतं, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. सांगितलं तर खोटं ठरेल, आणि पुढच्या मरणाच्या वेळी तुमच्याच श्रद्धेवर उलटेल. बाबा त्या सकाळी का गेले हे मला माहीत नाही. प्रार्थनेचा मजकूर अपुरा पडला म्हणून गेले नाहीत, एवढं ठाऊक आहे.

ज्यांनी तुम्हाला भीती घातली त्यांच्यासारख्या पुष्कळ जणांना आपल्या नवी मुंबईतल्या घरसभांतून हे चुकीचं शिक्षण मिळालं आहे, म्हणून थोडं कडक लिहिते. सिडकोच्या लॉटरीचा फॉर्म हातात धरून ‘येशूच्या नावाने हा फ्लॅट माझा आहे’ असं जाहीर करणारे लोक मी ऐकले आहेत. घर मागावं, जरूर मागावं. भाड्याच्या खोलीत अकरा-अकरा महिन्यांनी सामान बांधणाऱ्या कुटुंबाची घराची विनंती देवाला लहान वाटत नाही. पण मागणं वेगळं आणि हक्क सांगणं वेगळं. नाव उच्चारलं की देव बांधला गेला, असं मानणं म्हणजे दहा आज्ञांतली तिसरी आज्ञा मोडणं आहे, परमेश्वराचं नाव व्यर्थ घेणं आहे. आणि फ्लॅट लागला नाही की मग कारण शोधलं जातं: विश्वास कमी पडला, नाव जोरात घेतलं नाही, शेवटचं वाक्य राहिलं. या कारणांचं ओझं नेहमी आधीच खचलेल्या माणसाच्या डोक्यावर येतं. तुमच्यावर ते तसंच आलं.

काकूंविषयी एवढंच म्हणते की त्यांच्याविषयी मनात कडवटपणा धरू नका. ईयोबाचे मित्र त्याच्याकडे आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. ते त्यांनी फार चांगलं केलं. मग त्यांनी तोंड उघडून त्याच्या दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली आणि अखेर देव त्यांना म्हणाला, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. त्याच देवाने ईयोबाला त्या मित्रांसाठी प्रार्थना करायला सांगितलं आणि ती ऐकली. काकू मातीनंतर तुमच्या घरी आल्या, तुमच्याजवळ बसल्या, हे खरं प्रेम आहे. त्यांचं वाक्य चुकलं. दोन्ही गोष्टी खऱ्या धरा.

शक्य असेल तर स्मरणाच्या प्रार्थनेआधी एकदा त्यांना भेटा किंवा फोन करा. वाद घालू नका. ‘काकू, त्या दिवशीच्या तुमच्या बोलण्याने मला झोप लागत नव्हती’ एवढं सरळ सांगा. बऱ्याच माणसांना आपलं वाक्य कुठे जाऊन लागलं याचा पत्ताच नसतो. त्यांनी मान्य केलं तर उत्तम. नाही केलं तर मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, सांगा आणि त्या दिवशीच्या वचनासाठी योहान 16 सुचवा. मंडळीसमोर पाळकांनी ते समजावलं तर काकूंसारखं ज्यांना ज्यांना वाटतं त्या सगळ्यांच्या कानावर पडेल, आणि कोणाचा अपमानही होणार नाही.

समोरच्या वहिनींबद्दल. ख्रिस्ती म्हणून माझा विश्वास आहे की देव आणि माणसं यांच्यामध्ये एकच मध्यस्थ आहे, ख्रिस्त येशू, आणि तो विश्वास मी सौम्य करून सांगणार नाही. तोच विश्वास मला प्रेषितांची कृत्ये 10 वाचायला लावतो. कर्नेल्य हा कैसरियातला रोमी शताधिपती. पेत्र त्याच्या घरी पाऊल ठेवून येशूची सुवार्ता सांगण्याआधीच देवदूत त्याला सांगतो की तुझ्या प्रार्थना आणि तुझे दानधर्म देवासमोर स्मरणार्थ पोचले आहेत. कोणाचं ऐकायचं हे देव आपल्याला विचारून ठरवत नाही. एका शेजारणीने तुमच्या बाबांसाठी रोज हात जोडले. वाया गेलं म्हणायचा अधिकार ना काकूंना आहे, ना मला. तुम्ही त्यांचे आभार मानलेत का? नसतील तर स्मरणाच्या दिवशी त्यांना आवर्जून बोलवा.

राहिला प्रश्न तोंड उघडायच्या भीतीचा. ही भीती बोलून जाणार नाही, प्रार्थना करूनच जाईल, तीही आधी एकटीने. काही दिवस मोठ्याने प्रार्थना करूच नका. सकाळी ऐरोलीहून निघताना प्रभूची प्रार्थना म्हणा, सावकाश, मनात. तिच्यात येशूचं नाव नाही आणि तरी ती त्यानेच आपल्या ओठांवर ठेवली आहे. मग कधी एखाद्या दिवशी ‘येशूच्या नावाने’ हे शब्द प्रार्थनेच्या सुरुवातीलाच म्हणून पाहा: ‘बापा, येशूच्या नावाने तुझ्याकडे येते.’ शेवटी म्हटलं की आपण घाईत असतो, चहाचा वास येत असतो, ‘आमेन’ तोंडात तयार असतं. सुरुवातीला म्हटलं की कोणाच्या भरवशावर आलो आहोत हे आधी ठरतं आणि पुढचं मागणंही बदलतं. आपण काय मागतो आहोत त्यावर तो आपलं नाव ठेवील का, असा विचार मनात येतो. शेजाऱ्याचं वाईट व्हावं हे मग मागवत नाही. आजारी माणसासाठी मात्र जीव तोडून मागवतं, कारण आजाऱ्यांना बरं करत तो गालीलभर फिरला.

लोकलमधली तुमची प्रार्थना याच कसोटीला लावून पाहा. ‘माझ्या बाबांना सांभाळ. त्यांना त्रास होऊ देऊ नकोस.’ यात स्वतःसाठी एक शब्द नाही. येशूने वधस्तंभावर असह्य वेदनेत असताना आईला योहानाच्या स्वाधीन केलं, तिला सांभाळायला. दुसऱ्याला सांभाळायची विनंती त्याच्या स्वभावाची आहे. या प्रार्थनेवर त्याने आपलं नाव ठेवलं नसेल असं मला वाटत नाही. ती त्याच्याच नावाने केलेली प्रार्थना होती, शब्द फक्त उच्चारले गेले नव्हते.

स्मरणाच्या दिवशी मोठी प्रार्थना करायची जबाबदारी अंगावर घेऊ नका. पाळकांना आधीच कळवा की कुटुंबातर्फे मी फक्त आभाराची दोन वाक्यं म्हणेन, पुढचं तुम्ही घ्या. मुलाला वचन वाचायला सांगा, योहान 16:23 पासून 27 पर्यंत. त्याचा आवाज फुटला तरी चालेल, आजोबा गेले आहेत त्याचे. तुमच्या दोन वाक्यांच्या शेवटी ‘येशूच्या नावाने’ आलं तर येऊ द्या. रडू कोसळलं आणि शब्द राहिले, तर समोर बसलेली मंडळी तुमच्या वतीने ‘आमेन’ म्हणेल. मंडळी त्यासाठीच जमते.

प्रभू तुम्हाला, तुमच्या आईला आणि भावाला शांती देवो.

तुमची,
ताई